कुणी बघितलं तर?

परवा गुरुवारी सकाळी धाकट्या भावाकडे गेले होते. तो घरात नव्हता. भावजय दारात रांगोळी काढत होती. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "यजमान्रु यल्लि होग्यार्री?" भावजयीनं मान वर न करताच सांगितलं, "दवाखानिगे होग्यार्री, गुळिगी तराक." आणि ती पुन्हा ठिपके जोडू लागली.

गोळ्या कसल्या, हे काकूंना ठाऊक आहे. गल्लीलाही ठाऊक आहे. माझा भाऊ दारू सोडण्याचे उपचार घेतो आणि गुरुवारी सरकारी दवाखान्यात जातो. ऐकायला किती साधं वाक्य! पण ते असं दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायला आमच्या घराला कित्येक वर्षं लागली. त्या वर्षांत आम्ही काय काय केलं, आणि जवळच असलेलं कसं पाहिलं नाही, ते आज लिहिते आहे. भावाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही की अक्का. नाव तेवढं घालू नको. पोरांची शाळा आहे."

आम्ही मूळचे शहापूरचे. घरात मराठी. मी इथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते. भावानं उद्यमबागेत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप टाकलं, जॉबवर्क चांगलं मिळत होतं. भावजय बैलहोंगलची, माहेर पूर्ण कन्नड. त्यामुळे त्यांच्या मुलांना आईशी कन्नडात भांडायचं आणि आजीकडून मराठीत लाड करून घ्यायचे, हे जन्मापासूनच येतं. आपल्या भागात असली घरं गल्लोगल्ली आहेत.

दारू कधी सुरू झाली हे नेमकं सांगता येणार नाही. काम संपल्यावर मित्रांबरोबर थोडी, मग रोजची एक क्वार्टर, मग सकाळी हात थरथरू नयेत म्हणून घोटभर. आम्ही मात्र "दारू" हा शब्द घरात कधी उच्चारला नाही. "त्याला जरा बरं नाही", "त्याचं पित्त वाढलंय", "वर्कशॉपचा ताण आहे", असं म्हणायचो. एखाद्या लग्नात तो दिसला नाही, की तो कामासाठी कोल्हापूरला गेलेला असायचा. मी भाषेची शिक्षिका. खोटं सांगताना शब्द कमी पडले नाहीत.

२०१८ च्या आषाढीला आईनं हट्टानं त्याला पंढरपूरला नेलं आणि गळ्यात माळ घातली. चार महिने घर कसं उजळून निघालं. मग एका संध्याकाळी मी गेले, तर आरशाशेजारच्या खिळ्याला माळ अडकवलेली, आणि हा बाहेर. माळ घालून प्यायचं नाही, एवढी भीती त्याच्यात होती. म्हणून आधी माळ काढून खिळ्याला लावायची आणि मग घराबाहेर पडायचं. ती लोंबकळणारी माळ पाहून आईनं देवासमोर बसून जे रडून घेतलं, ते मला आजही आठवतं. माळेला मी बोल लावत नाही. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण माझ्या भावाचं दुखणं नुसत्या निश्चयाच्या पलीकडे गेलं होतं, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर भावजयीनं कुठलीशी जाहिरात वाचून एक पूड मागवली. "रुग्णाच्या नकळत द्या" असं तिच्यावर छापलेलं. ती बिचारी आमटीत मिसळून देत राहिली. पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळच बसले. ते म्हणाले, "असल्या पुड्यांत काय असतं, सांगता येत नाही. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस दारू प्याला, तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध आम्हीही देतो. पण रुग्णाला सगळं सांगून, तपासण्या करून आणि त्याच्या संमतीनं. लपवून कधीच नाही." भावजय तिथंच रडायला लागली. तिनं प्रेमानंच केलं होतं, पण लपवून.

मग आला मार्च २०२०. लॉकडाऊन लागला, दारूची दुकानं बंद झाली. खरं सांगते, आमच्या घरात त्या दिवशी आनंद झाला. माळेनं झालं नाही ते सरकारनं केलं, असं आई म्हणाली. पहिल्या संध्याकाळी त्याला दरदरून घाम फुटला. रात्रभर तो येरझारा घालत होता. आम्ही म्हटलं, सोसू दे, दोन दिवसांत उतरेल. दुसऱ्या दिवशी पहाटे भावजयीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "अक्का, बर्री... कैकालु सेटदु बिद्दार." हातपाय ताठ होऊन तो पडला होता. तोंडाला फेस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गोवावेसजवळ पोलिसांनी अडवलं, गाडीत डोकावलं आणि काही न बोलता काठी बाजूला घेतली.

दवाखान्यात दोन दिवस तो भिंतीवरचे किडे झटकत होता. भिंतीवर काहीही नव्हतं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं मला समजावलं ते मी कधी विसरणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली, तर सहा-आठ तासांतच थरथर, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शरीर शांत ठेवणारी औषधं काही दिवस देऊन ती हळूहळू कमी करतात. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूनं ते शरीरातून संपलेलं असतं आणि त्याच्या अभावानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. "कोंडून ठेवलं की सुटते, ही समजूत फार घातक आहे, मॅडम," ती म्हणाली. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

घरी सोडताना तिनं एक कागद दिला. मी तो घडी करून डायरीत ठेवला. त्या कागदाबद्दल पुढे सांगते.

४ मे २०२० ला राज्यात दारूची दुकानं उघडली. रांगेचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. लोक हसले. त्या रांगेत माझा भाऊ होता. मला हसू आलं नाही.

त्यानंतर मी उपचारांच्या शोधाला लागले. पुण्याच्या मुक्तांगणबद्दल वाचलं होतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं आणि त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती, हे मराठीच्या शिक्षिकेला माहीत असणारच. मिरजेला, हुबळीला, पणजीला ओळखीच्यांकडे आडून आडून चौकशी केली. डायरीची दोन पानं पत्त्यांनी भरली. आज ती पानं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यात बेळगावचा एकही पत्ता नाही. मी उपचार शोधत होते हे खरं, पण त्याहून जास्त लांबचं अंतर शोधत होते. इथं कुणी बघितलं तर? कॉलेजात कळलं तर? मुलांच्या शाळेत? मुलीच्या लग्नात कुणी काढलं तर? तिचं वय तेव्हा नऊ होतं.

पुण्याला तो तयार होईना. "महिनाभर वर्कशॉप कोण बघणार?" हे एक कारण. आणि भावजय म्हणाली, "अक्का, तिथं घरच्यांना बोलावून शिकवतात म्हणे. मला ते मराठीत कसं कळायचं?" मला तेव्हा ही सबब वाटली होती.

शेवटी २०२१ मध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात त्याला ठेवलं. महिन्याचे पैसे आगाऊ. "तीन महिने भेट नाही, फोन नाही. घरचे मध्ये आले की पेशंट बिघडतो," असं बजावून सांगितलं. आम्ही मान डोलावली. लांब होतं, हेच बरं वाटलं. आईनं गल्लीत सांगितलं, लेक नोकरीला गेलाय.

तिसऱ्या आठवड्यात भावजयीला राहवेना. आम्ही दोघी न कळवता गेलो. बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा आत एका पोराचा पाय साखळीनं खाटेला बांधलेला दिसला. भाऊ पुढे आला. मनगटावर वळ. डॉक्टर कधी येतात विचारलं, तर कुणाला सांगता येईना. भाऊ एवढंच म्हणाला, "अक्का, घरी चल." आम्ही त्याला घेऊन आलो. आठवड्यात तो पुन्हा प्यायला लागला. त्या वेळी त्याला दोष देण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसनही येतं. रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला त्यात बंदी आहे. मानसिक उपचारांसाठी माणसं ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, आणि रुग्णाला भेटीचा व फोनचा हक्क आहे. हे आधी माहीत असतं, तर मी दारातच चार प्रश्न विचारले असते. नोंदणी दाखवा. मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात? आम्ही कधी भेटू शकतो? फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता? जे केंद्र या चार प्रश्नांवर रागावतं, तिथून मागे फिरावं.

आता त्या कागदाबद्दल. त्या दिवाळीत कपाट आवरताना जुनी डायरी खाली पडली आणि घडी उघडली. मार्च २०२० चं डिस्चार्ज कार्ड. खाली डॉक्टरणीच्या अक्षरात एक ओळ होती: मनोविकार विभागाच्या ओपीडीत दाखवणे, एक आठवड्यानंतर. त्याच दवाखान्यात! आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. दीड वर्ष तो पत्ता माझ्या कपाटात होता आणि मी दोन राज्यं धुंडाळत होते. "मनोविकार" हा शब्द वाचून मीच तो कागद घडी करून ठेवला होता, हेही मग आठवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. ओपीडीबाहेरच्या बाकावर मी पदर डोक्यावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसले. आणि ज्याची भीती होती तेच झालं. "नमस्कार मॅडम." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा विद्यार्थी. अंगातलं बळच गेलं. काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाबांना आणलंय. आठ महिने झाले, मॅडम, प्यालेले नाहीत. तुम्ही दहा नंबरला जाऊ नका, आधी डाव्या हाताला केसपेपर काढा." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन तो रांगेत उभाही राहिला. वर्गात या मुलाला मी उशिरा येतो म्हणून बोलले होते. तो बाबांना गोळ्या देऊन मग येत असे.

दहा दिवस तिथंच दाखल केलं. मग ओढ कमी करणाऱ्या गोळ्या, आणि दर आठवड्याला समुपदेशन. समुपदेशक बाई धारवाडकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मन्याग याव भाषा मातनाडतीरि?" नवरा मराठी, बायको कन्नड, म्हणून मी दुभाषी होऊन मध्ये बसले. भाऊ म्हणाला, "हिनं मला पोरांसमोर कुत्र्यासारखं हाकललं." मी कन्नडात सांगितलं, तुझ्या रागाचा त्याला त्रास होतो. भावजय म्हणाली, एका रात्री मी विहिरीपर्यंत जाऊन आले. मी मराठीत सांगितलं, ती फार दुःखी होती. बाईंना मराठी थोडं कळत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "मेडम, नीवु हेळबेडरी. अवरे हेळलि." तुम्ही सांगू नका, त्यांनाच सांगू द्या. मला बाहेर बसवलं.

त्या बंद दारामागे दोघं तास-दीड तास आपापल्या भाषेत बोलली. एकमेकांची भाषा त्यांना कळत होतीच की! बारा वर्षं संसार केला होता. कळत नव्हतं ते माझ्यासारख्यांनी मध्ये पडून गुळगुळीत केलेलं. बाहेर बसून मला उमगलं, की लपवण्याचं काम मी घरातही तितक्याच नेटानं करत आले होते. आणि भावजयीची ती "सबब" सबब नव्हती. आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगता यायला हवं, आणि समोरच्याला ते कळायला हवं. आपल्या शहरात पाट्यांच्या भाषेवरून काय काय होतं ते आपण सगळे जाणतो. त्या खोलीत दोन्ही भाषा एका टेबलावर बसल्या होत्या, आणि दोन्हींतून रडूच येत होतं.

सगळं तेव्हाच सुरळीत झालं असं मुळीच नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मित्रांबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला गेला आणि पिऊन परत आला. मी तोंडाला येईल ते बोलले. डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, "मधुमेहाच्या पेशंटनं एक दिवस जिलेबी खाल्ली, तर त्याचं औषध बंद करता का?" चार दिवसांत गाडी रुळावर आली. कारण दवाखाना वीस मिनिटांवर होता. तो दोनशे मैलांवर असता, तर आम्ही पुन्हा बॅग भरायची की नाही यावर महिनाभर वाद घातला असता. मला पटलं ते हेच. दाखल होणं दहा दिवसांचं असतं, आजार कित्येक वर्षांचा. ज्या गल्लीत, ज्या मित्रांत, ज्या रस्त्यावरून जाता-येता माणूस पितो, तिथंच राहून त्याला न पिता जगायचं असतं. म्हणून उपचार घराजवळ हवा. लांब जावं लागलं तर जरूर जावं, पण परत आल्यावर हाताशी कोण आहे, ते आधी बघून जावं.

सोबत म्हणून तो कॅम्प भागात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीला जाऊ लागला. अमेरिकेत १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांना आधार देत सावरले, त्यातून ही चळवळ निघाली. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. कुणी मराठीत बोलतो, कुणी कन्नडात, कुणी कोकणीत.

एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ घरांत काय चालत असेल? दवाखाने कमी आहेत हे खरंच. पण त्यांतल्या काही घरांच्या कपाटात माझ्यासारखाच घडी केलेला कागद असेल, असं मला वाटतं.

जिल्हा पातळीवर मानसिक उपचार पोचवण्याचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळूरच्या निम्हान्सनं १९८० च्या दशकात केला. त्याच धर्तीवर १९९६ पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. म्हणून जिल्हा रुग्णालयात हा विभाग शोधावा. गरज पडली तर धारवाडची जुनी मानसिक आरोग्य संस्था दोन तासांवर आहे. आणि कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पैसे पडत नाहीत. तोंड दाखवावं लागत नाही. पहिलं पाऊल म्हणून तेही पुष्कळ.

त्या गुरुवारी भाऊ अकराच्या सुमारास परत आला. हातात गोळ्यांची पुडी आणि मुलांसाठी कुंदा. मी विचारलं, "गर्दी होती काय रे?"

"होती की. तुझ्या कॉलेजचे एक सर भेटले गे. लेकाला घेऊन आलेले. मला बघून भिंतीकडे तोंड केलं त्यांनी."

"मग?"

"मग काय? जवळ जाऊन बसलो. म्हटलं, सर, आधी डाव्या हाताला केसपेपर काढायचा."